चौदा नंबरबद्दलची पाच वाक्यं

आमच्या टीमच्या खेळाडूंना खेळण्याचा पगार नव्हता. पगार होता तो हिंगण्याच्या एका कारखान्यात काम करण्याचा. पण कारखान्याने त्यांना कामावर घेतलं होतं ते खेळण्यासाठीच. सकाळी ते इतर कामगारांसारखेच फाटकातून आत जायचे आणि दुपारी तीन वाजता, बाकीचे मशीनवर वाकलेले असताना, हे बारा जण हात धुऊन कंपनीच्या बसमध्ये बसायचे आणि शहरात आमच्या कोर्टावर प्रॅक्टिसला यायचे. सत्तरच्या दशकात नागपुरात बास्केटबॉलवर पोट भरणारी माणसं पाहायची असतील तर ती हीच होती.

मी तेव्हा पाटबंधारे खात्याच्या ऑफिसात आवक-जावक सांभाळणारा कारकून होतो. वय पंचवीसच्या आतबाहेर, चष्मा जाड, उंची पाच फूट चार इंच. शाळेच्या टीममध्ये होतो, पण तीन वर्षांत मिळून मैदानात उतरलो असेन वीस मिनिटं. बाकावर बसून खेळ पाहायची सवय मात्र तिथं लागली ती सुटली नाही. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कुणीतरी कुणाच्या तरी पदरी लिहिण्याचं काम करत आलेलं. भोसल्यांच्या काळात मोडीत, साहेबाच्या काळात इंग्रजीत, आणि माझ्या वाट्याला आला मराठी टाइपरायटर. खेळता येत नाही तर खेळाबद्दल लिहावं, असं मला वाटलं यात नवल काही नव्हतं.

मोठ्या स्पर्धा थंडीत असायच्या. दसऱ्यापासून मी रोज ऑफिस सुटलं की सायकल काढून कोर्टावर जायचो आणि कठड्यावर बसून प्रॅक्टिस पाहायचो. असे तीन-चार आठवडे गेले की दिवाळीनंतरच्या एका शनिवारी, साहेब घरी गेल्यावर, टाइपरायटरमध्ये कार्बन घालून सहा प्रती काढायचो. वर मथळा 'यंदाची टीम' आणि खाली नंबरवार एकेक खेळाडू. त्या काळी जर्सीवर चार ते पंधरा एवढेच आकडे असत. नाव मी लिहीत नसे. नंबर लिहिला की सगळ्यांना कळायचं. पहिली ठळक प्रत कोर्टाच्या फाटकासमोरच्या चहाटपरीत फळीला खिळ्याने लागायची. लोक तिला 'पंचांग' म्हणत. "पंचांग निघालं का?" असं दिवाळीच्या फराळासोबत मला विचारलं जायचं.

खरं सांगायचं तर मी बरं लिहायचो. "चार नंबर, कॅप्टन. पाय म्हातारे, डोकं तरुण. शेवटच्या पाच मिनिटांत चेंडू याच्याच हातात असावा." "नऊ नंबर. डावखुरा. लांबून मारतो तेव्हा देव, जवळून मारतो तेव्हा तुमच्याआमच्यासारखा." "सहा नंबर. चेंडू कुणाला देत नाही. लग्न ठरलं आहे असं ऐकतो. आता तरी वाटून घ्यायला शिकेल." खेळाडू स्वतः येऊन वाचायचे, हसायचे, मला पाठीत धपाटा घालायचे. एका वर्षी गावातल्या एका वर्तमानपत्राच्या वार्ताहराने माझ्या पंचांगातल्या दोन ओळी जशाच्या तशा उचलून छापल्या. मी ते कात्रण पाकिटात घालून वर्षभर फिरलो. तेव्हापासून माझ्या लिहिण्यात एक प्रकारची मगरुरी आली. ती मला त्या वेळी दिसली नाही.

चौदा नंबर हा सावनेरजवळच्या खापा गावचा. कोष्ट्याचं घर. बाप लहानपणीच गेलेला, आई मागावर लुगडी विणायची. सहा फूट तीन इंच उंचीचा हा माणूस कारखान्यात हमाल म्हणून टेंपररी लागला होता, आणि शहरात येईपर्यंत त्याने बास्केटबॉल पाहिलासुद्धा नव्हता. माल रचताना इतरांना तिसऱ्या थराला स्टूल लागायचं, याला लागत नसे. हे टीमच्या कोचने पाहिलं आणि त्याला कोर्टावर आणून उभं केलं. पहिल्या वर्षी मी लिहिलं, "चौदा नंबर. उंची आहे, बाकी सगळं यायचं आहे." दुसऱ्या वर्षी लिहिलं, "हात आले." तिसऱ्या वर्षी त्याच्यावर मी अर्धं पान लिहिलं. त्या वर्षी बास्केटखाली त्याच्या हातून कुणी चेंडू हिसकावून नेला नाही. आमची टीम पहिल्यांदा अंतिम सामन्यापर्यंत गेली ती त्याच्यामुळे.

शाळा आठवीत सुटल्यामुळे त्याला वाचायला वेळ लागायचा. टाइप केलेली बारीक अक्षरं तर त्याला नकोच वाटायची. पंचांग लागलं की तो मला टपरीच्या बाकावर बसवून म्हणायचा, "बाबू, माह्यं वाच गा." मी वाचायचो. तो डोळे मिटून ऐकायचा. मग म्हणायचा, "आता बाकीच्यायचं वाच." बाराही जणांचं ऐकून झालं की दोन चहा सांगायचा. वर्षभर आम्ही तिथं रोजच चहा प्यायचो. बोलणं खेळाचंच. कधी खाप्याचं, कन्हान नदीच्या पाण्याचं, आईने मागावर काय चढवलं आहे त्याचं. मी त्याचा दोस्त होतो असं मी म्हणायचो. आता तो शब्द वापरताना थांबतो.

चौथ्या वर्षी दसऱ्यानंतर मी प्रॅक्टिस पाहायला गेलो तर हा वेगळाच दिसला. आपल्या बास्केटखाली चेंडू घ्यायचा, पुढं द्यायचा आणि मग बाकीचे पळत सुटले की हा अर्ध्या कोर्टात येऊन उभा राहायचा. कमरेवर हात, मान खाली. समोरची टीम उलटून यायची तेव्हा मागं जायचा तो चालत. कोच शिट्टी वाजवून ओरडायचा. हा मान डोलवायचा आणि पुन्हा तेच. कठड्यावर माझ्याशेजारी बसणारे म्हणू लागले, माजला. कुणी म्हणालं, पिऊन राहिला. त्या हंगामानंतर कारखाना दोन टेंपररी खेळाडूंना पक्कं करणार होता आणि त्यातला एक हा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मला वाटलं, झालं, नोकरी पक्की समजून बसला.

त्या तीन आठवड्यांत मी त्याच्यासोबत रोज चहा प्यालो. त्याला एकदाही विचारलं नाही. मला वाटायचं, खेळाडूला विचारून लिहिलं तर ते परीक्षण कसलं? जे डोळ्यांना दिसतं ते लिहायचं. असं मी तेव्हा मोठ्या अभिमानाने सांगत असे.

त्याच्याबद्दल मी पाच वाक्यं लिहिली. ती मला आजही पाठ आहेत. "चौदा नंबर. गेल्या वर्षीचा खांब यंदा कलला आहे. पळायचा कंटाळा दिसतो. चेंडू गेला की कमरेवर हात ठेवून तमाशा पाहत उभा राहतो. नोकरी पक्की होण्याआधीच अंग सैल सोडलेलं आहे. कोचने पंधरा नंबरला सुरुवातीपासून उतरवावं आणि याला बाकावर बसून विचार करायला वेळ द्यावा."

पंचांग लागलं त्या दिवशी त्याने मला वाचायला सांगितलं नाही. तो यायच्या आधीच टपरीवर गर्दी होती आणि सहा नंबर मोठ्याने वाचून दाखवत होता. 'तमाशा पाहत'वर लोक हसले. चौदा नंबर मागं येऊन उभा राहिलेला कुणी पाहिला नाही. मी पाहिला. वाचून झाल्यावर तो पुढं आला, फळीवरच्या कागदाकडे थोडा वेळ पाहत राहिला आणि मला म्हणाला, "बरोबर लिहिलं गा बाबू."

मी म्हणालो, "राग नको मानू. तुझ्या भल्याचंच लिहिलंय."

"नाही ना. राग कायचा." तो कोर्टावर गेला. चहा न घेता.

पाच-सहा दिवसांनी कॅप्टन मला रस्त्यात भेटला. कॅप्टन म्हणजे चार नंबर, चाळिशीकडे झुकलेला, सगळ्यांना सांभाळून घेणारा माणूस. तो हसत म्हणाला, "तुह्या पंचांगानं काम केलं. चौदा नंबर सकाळी उठून धावून राहिला. रोज. कोणाले सांगत नाही." मला इतकं बरं वाटलं की मी दुसऱ्या दिवशी सकाळी सायकल काढून तो राहायचा त्या वस्तीजवळच्या मैदानावर गेलो. थंडी चांगलीच पडली होती. मैदानावर धुकं होतं आणि त्यातून तो धावत येत होता, गळ्याला मफलर, पायात प्रॅक्टिसचेच बूट. एक चक्कर पुरी झाली की थांबायचा, गुडघ्यांवर हात टेकायचा, खोकायचा. मग पुन्हा सुरू. तिसऱ्या की चौथ्या चकरेनंतर तो गवतात खाली बसला. तेवढ्यात त्याची नजर माझ्याकडे गेली. तो लगेच उठला.

मी सायकलवरूनच हात वर करून ओरडलो, "शाब्बास! अजून दोन!"

त्याने आणखी दोन चकरा मारल्या. मी दुसरी पुरी व्हायच्या आधीच निघालो होतो. ऑफिसला उशीर होत होता.

पहिला सामना रेल्वेच्या एका टीमशी होता. कोचने पंधरा नंबरला नाही, चौदालाच सुरुवातीला उतरवलं. त्या दिवशीच्या पहिल्या हाफमध्ये तो जसा खेळला तसा मी त्याला कधीच पाहिला नव्हता. चेंडू गेला की पळत मागं, मिळाला की पळत पुढं. वीस मिनिटं तो एकदाही चालला नाही. लोक त्याचा नंबर घेऊन ओरडत होते. मी कठड्यावर उभा राहून शेजारच्याला म्हणालो, "पाहिलं? लेखणीत ताकद असते." हे वाक्य मी खरोखर म्हणालो. ऐकणारा माणूस अजून आहे, त्याला आठवतही नसेल.

मध्यंतरानंतर तो उतरला आणि दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला बास्केटच्या खांबाला पाठ लावून खाली बसला. पडला नाही, बसला, जणू बूट बांधायला. खेळ पुढं निघून गेला होता. कॅप्टनचं लक्ष गेलं म्हणून त्याने चेंडू बाहेर फेकून सामना थांबवला. आम्ही धावत गेलो तर तो खोकत होता आणि तोंडाशी धरलेल्या मफलरवर गुलाबी फेस आला होता. बोलता येत नव्हतं. डोळे मात्र सगळ्यांकडे असे फिरत होते, जणू त्यानेच काही चूक केली आहे.

कंपनीच्या बसमधूनच त्याला मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात नेलं. कॅप्टन, कोच आणि मी सोबत होतो. तिथल्या डॉक्टरने छातीला तपासायची नळी लावली आणि बराच वेळ काढली नाही. मग सुया टोचल्या, ऑक्सिजन लावला. संध्याकाळी त्याला जरा बोलता येऊ लागल्यावर डॉक्टरने विचारलं, "दम किती दिवसांपासून लागतो?"

"दोन वर्सं झाले असन साहेब. यंदा जास्त."

"आडवं झोपता येतं?"

"नाही. भितीले टेकून बसूनच झोपतो."

"लहानपणी कधी सांधे सुजून ताप आला होता?"

"आला होता ना. आठवीत होतो. दोन महिने खाटीवर होतो. शाळा तवाच सुटली."

डॉक्टरने आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं की त्या तापाने हृदयाची एक झडप तेव्हाच खराब केली होती. ती अरुंदही झाली आहे आणि गळतेही आहे. "हा माणूस बास्केटबॉल खेळत होता?" त्याने दोनदा विचारलं. "याला जिना चढायला लावलं तरी गुन्हा आहे." कोच भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. कॅप्टन माझ्याकडे पाहत नव्हता. मुद्दामच पाहत नव्हता, हे मला कळत होतं.

मी रोज संध्याकाळी वॉर्डात जाऊ लागलो. संत्री न्यायचो, सोलून द्यायचो. चार-पाच दिवस मनातलं ओठांवर येऊन मागं जात होतं. शेवटी एकदा मी म्हणालो, "मी तसं लिहायला नको होतं."

तो उशांना टेकून बसला होता. म्हणाला, "काहून नको? मी धावत नव्हतो हे खरंच होतं ना. तू पाह्यलं ते लिहिलं. कारण चुकलं, तर कारण मले तरी कुठं मालूम होतं? मले वाटे, खानावळीचं जेवण लागून नाही राहिलं आंगाले. वरतून डाक्टरकडे गेलो आन त्यानं कंपनीले सांगतलं तर पक्की व्हाची नोकरी जाईन. म्हणून चूप राहिलो."

मला जरा हलकं वाटलं. मी संत्र्याची फोड त्याच्या हातात दिली. त्याने ती खाल्ली नाही. हातात धरून म्हणाला, "एक इचारू का बाबू? रोज आपण चहा पेत होतो. तू मले इचारलं काहून नाही?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हटलं, "सुचलं नाही." तो "हं" म्हणाला आणि फोड तोंडात टाकली.

टेंपररी माणसाची नोकरी जाते तशी त्याची गेली. कुणी हाकललं नाही, मुदत संपली आणि पुढं वाढवली नाही, एवढंच. कोच कारखान्याच्या साहेबांना दोनदा भेटला, उपयोग झाला नाही. चौदा नंबर खाप्याला आईकडे परत गेला. डॉक्टरने सांगितलं होतं की नवी झडप बसवायचं मोठं ऑपरेशन मुंबईला होतं, तिथं नंबर लावावा लागेल. ते लिहिणं मी माझ्याकडे घेतलं. अर्ज, स्मरणपत्र, पुन्हा स्मरणपत्र. त्याच टाइपरायटरवर, तेच कार्बन घालून. दर महिन्याला एक पत्र जायचं. दर महिन्याच्या एका रविवारी मी एसटीने खाप्याला जायचो आणि उत्तर आलं नाही हे त्याला समोर बसून सांगायचो.

त्यांचं घर म्हणजे पुढच्या खोलीत माग आणि मागच्या खोलीत संसार. आई मागावर बसलेली असायची. तो भिंतीला टेकून चरख्यावर तिच्यासाठी कांड्या भरायचा, म्हणजे विणताना धोट्यात घालायच्या नळीवर सूत गुंडाळायचा. बसून होण्यासारखं तेवढंच काम होतं. एवढे लांब हात आणि त्यात ती बोटभर नळी. पहिल्या वेळी मला पाहवेना. आई मात्र मला पाहून खूश व्हायची. "आला का बाबू?" म्हणून मागावरून उतरायची. तिला एवढंच ठाऊक होतं की मी तिच्या पोराचा शहरातला दोस्त आहे आणि मुंबईच्या दवाखान्याला पत्रं लिहितो.

पुढच्या वर्षी दसऱ्यानंतर मी गेलो तेव्हा त्याने विचारलं, "यंदा कशी हाय टीम?"

"मी जात नाही आता कोर्टावर."

"काहून?"

मी चरख्याजवळ पडलेली एक रिकामी कांडी उचलून पाहू लागलो.

"पाह्य बाबू," तो म्हणाला, "मी इथं बसून राह्यतो. तू बी तिथं जाशीन नाही, तर मले सांगन कोण? जाय. पाहून ये. लिहू नको वाटलं तर, मले तोंडी सांग."

मी पुन्हा कठड्यावर जाऊन बसलो. टपरीवर काही लावलं नाही. लोकांनीही विचारलं नाही. पण पुढच्या रविवारी मी खाप्याच्या त्या खोलीत मागाच्या खडखडाटात चार नंबरपासून सुरुवात केली. तो डोळे मिटून ऐकत होता. फरक एवढाच की आता तो मला मध्येच थांबवायचा. "सहा नंबर चेंडू देत नाही असं नाही. त्याले डाव्या बाजूचं कमी दिसते. त्यानं कोणाले सांगतलं नाही, मले सांगतलं." "नऊ नंबरचा बाप गेला ना यंदा? मग दोन महिने त्याचा हात नाही लागाचा. थांब जरा." चार वर्षं पंचांग लिहून मला जे कळलं नव्हतं ते त्याला ठाऊक होतं. प्रत्येकामागं काहीतरी होतं आणि त्याने ते विचारलं होतं.

पंधरा नंबर त्याच्या जागी खेळू लागला होता. तो कसा आहे हे सांगायला मला जड जात होतं. त्याने स्वतःच विचारलं. मी म्हणालो, "चांगला खेळतो."

"कोपरं बाहेर ठेवते का, चेंडू धरला की?"

"हो. ठेवतो."

"मीच शिकवलं त्याले," तो म्हणाला, आणि किती तरी वेळ हसत राहिला. हसून हसून त्याला दम लागला आणि आई मागावरून उठून आली.

त्या हिवाळ्यात त्याचे पाय सुजू लागले. होळीच्या सुमाराला पोटात पाणी झालं. मुंबईहून पत्र आलं ते त्यानंतर. अमुक दिवशी रुग्णास घेऊन यावे. मी ते घेऊन धावत खाप्याला गेलो. गावच्या डॉक्टरने मला बाजूला घेऊन सांगितलं की आता याला रेल्वेने नेणं म्हणजे वाटेतच घालवणं. मी आत आलो. त्याने पत्र हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि म्हणाला, "वाच गा." मी वाचलं. सरकारी भाषेतल्या चार ओळी. त्याने माझ्याकडून त्या दोनदा वाचून घेतल्या. मग पत्राची घडी करून उशीखाली ठेवली आणि मला म्हणाला, "लय लिहिलं तू माह्यासाठी." त्यात टोमणा होता की नव्हता हे मला आजवर ठरवता आलेलं नाही.

चैत्र संपता संपता तो गेला. बातमी कॅप्टनने ऑफिसात येऊन सांगितली, तेव्हा दोन दिवस उलटून गेले होते. टीममधले सात-आठ जण तेराव्याला खाप्याला गेले, मीही गेलो. खेळाडू लवकर परतले, त्यांची शिफ्ट होती. मी राहिलो. पाहुणे पांगल्यावर आई मागाजवळच जमिनीवर बसली होती. माग थांबलेला होता, त्यावर अर्धं लुगडं तसंच.

ती म्हणाली, "बाबू, तुले शहरातलं समदं मालूम असते. एक सांगशीन?"

"सांगा ना मावशी."

"त्याच्या खोलीवरचे पोट्टे आले होते मांगं, त्याचं सामान घेऊन. ते सांगत होते का कोणं तरी त्याच्यावर कागद लिहिला होता. का हा आळशी हाय, धावत नाही, बसवा याले. आन तो कागद चव्हाट्यावर लावला होता. म्हणून हा रोज सकाळी धावाले जाये. मी याले किती खेप इचारलं, कोण होता गा तो? यानं नाही सांगतलं. म्हणे, होता कोणीतरी, तुले काय करा लागते." तिने पदराने तोंड पुसलं. "तुले मालूम हाय का, कोण होता?"

म्हणजे त्याने सांगितलं नव्हतं. वर्षभर मी महिन्याच्या महिन्याला त्या घरात जेवत होतो, तिच्या हातची भाकर खात होतो, आणि त्याने तिला सांगितलं नव्हतं.

मी म्हणालो, "नाही मावशी. मला माहीत नाही."

तिने मागावरच्या अर्ध्या लुगड्यावरून हात फिरवला. मग म्हणाली, "मी काही त्याले शिव्या देत नाही. पोराचं दुखणं होतंच आंगात. देवानंच तसं देल्लं होतं. पण त्या माणसानं एक खेप घरी येऊन त्याले पाहाले पायजे होतं. एवढंच वाटते मले."

मी मान हलवली.

शेवटची एसटी गाठायची होती म्हणून मी उठलो. तिने मला दारापर्यंत पोचवलं आणि एक नवा पंचा हातात दिला. तिनेच विणलेला. म्हणाली, त्याने सांगून ठेवलं होतं, बाबूले एक दे म्हणून. मी तो घेतला.

त्यानंतर तीन-चार वेळा मी खाप्याला गेलो. दर वेळी नागपूरहून निघताना ठरवायचो की आज सांगायचं. सावनेरपर्यंत वाक्यं जुळवायचो. ती दारात दिसली, "आला का बाबू?" म्हणाली, की सगळं विसरायचो. पुढं माझं लग्न झालं, बदली अमरावतीला झाली, जाणं सुटलं. नागपूरला परत आलो तोवर ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. कारखान्याने टीम मोडून टाकली होती. खाप्याला गेलो तर घराला कुलूप होतं. शेजारच्या बाईने सांगितलं की म्हातारी दीड वर्षापूर्वी गेली, माग तिच्या भाच्याने उमरेडला नेला.

"तुम्ही कोण म्हणाचं तिचे?" त्या बाईने विचारलं.

"तिच्या मुलाच्या ओळखीचा," मी म्हणालो आणि स्टँडकडे चालू लागलो.